नऊ तोळ्यांची कसर

पागनीस मास्साबांनी पहिल्याच भेटीत माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बोटांनी मोजून पाहिला. मी साताऱ्याहून गणित शिकवायला उज्जैनला आलो त्याला तीनच दिवस झाले होते. या गावात गल्लोगल्ली ज्योतिषी बसतात एवढं ऐकून होतो. शाळेनेही एक नेमलेला दिसतो, असं समजून मी अदबीने विचारलं, "काय दिसतंय?"

"बोटं आखूड आहेत, मनगट ढिलं आहे," ते म्हणाले. "तुम्हाला सहा नंबर. लांब नाही जाणार, पण खाली पीली कुणाचं डोकं पण नाही फुटणार."

सहा नंबर म्हणजे सहा नंबरची थाळी. मास्साब आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर. सगळं गाव त्यांना मास्साबच म्हणायचं. थाळीफेक हे त्यांचं खरं दैवत. कवायत, लेझीम आणि मुलांची नखं तपासणं ही पोटापाण्याची कामं. फेकायच्या थाळीचं जेवणाच्या ताटाशी नातं नावापुरतंच. शिसवी लाकडाची जाड तबकडी, तिच्या काठाला लोखंडी कडं. ती तळहाताला लावून स्वतःभोवती गिरकी घ्यायची आणि सोडून द्यायची. अशा सात थाळ्या मास्साब एका गोणपाटाच्या थैलीत बाळगायचे. बाजारातली थाळी त्यांना वर्ज्य. देवास गेटपाशी नंदराम लोहार टांग्याच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचा. चाकाची धाव तापवून चढवतात तशीच तो या तबकड्यांना कडी चढवून द्यायचा.

सात थाळ्यांचे सात स्वभाव. कुणाचं वजन कडेला, कुणाचं पोटात. पोटात वजन असलेली थाळी गरीब. कशीही सोडा, बेताबेताने जाऊन बेताने पडते. कडेला वजन असलेली मास्साबांच्या भाषेत 'अडियल', म्हणजे अडेलतट्टू. हा शब्द घोड्यांचा. त्यांचे पूर्वज दरबारच्या पागेत घोड्यांची हजेरी आणि दाणापाणी लिहायचे, म्हणून पागनीस. पागा गेली, घोडे गेले, दरबार गेला, पण घराण्याची भाषा घोड्यांचीच राहिली. अडियल थाळीला मनगटाने जोरात भिंगरी द्यावी लागते. दिली तर ती इतर सगळ्यांच्या पुढे जाते, नाही दिली तर वाटेतच लडखडते. म्हणून ती कुणालाही द्यायची नाही. आधी हात बघायचा, मग थाळी द्यायची. पोरं याला 'मास्साबांचं ज्योतिष' म्हणत.

मला हे ज्योतिष पटलं नव्हतं. सहा नंबर ही लहान मुलांची थाळी आहे असं कळल्यावर तर नाहीच नाही. शिक्षकांच्या सामन्याच्या दिवशी मी थैलीतून गुपचूप अडियल काढली आणि साताऱ्याची सगळी शान मनगटात आणून फेकली. पुढे फेकायची थाळी मागे कशी जाते हे गणित मला अजून सुटलेलं नाही. हेडमास्तरांच्या टेबलावरच्या चहाच्या ट्रेला ती लागली. हेडमास्तर वाचले, किटली वाचली नाही. मास्साब धावत गेले ते थेट थाळीकडे. तिला कुठे पोचा आला नाही ना, हे बघून झाल्यावर मग हेडमास्तरांना म्हणाले, "तुम्हाला लागलं तर नाही ना, साहेब?"

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. रोज सकाळी पोहे खाऊन मी शाळेमागच्या मैदानावर एका दगडावर जाऊन बसायचो. मास्साब खाकी अर्धी चड्डी, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, अशा थाटात उभे. शिट्टीतला मणी केव्हाच हरवला होता, म्हणून शिट्टी गळ्यात अडकवून तोंडानेच शीळ घालत. पोरगा थाळी फेकू लागला की सगळ्यांचे डोळे थाळीमागे जात. मास्साबांचे डोळे त्याच्या पायांवर.

"थाळी कुठे पडली ते पूर्ण उज्जैन सांगेल," ते म्हणत. "पाय कुठे होते ते सांगायला कुणी पण येऊन नाही राहिलं."

हे शास्त्र ते शिकले कुठे, ही एक मजाच आहे. तरुणपणी त्यांना कुठल्याशा छावणीतून एक इंग्रजी पुस्तिका मिळाली होती. तीत थाळी धरून उभ्या राहिलेल्या माणसाचं चित्र होतं आणि थाळी सुटल्यानंतरच्या माणसाचंही होतं. मधली चार पानं गायब. म्हणजे गिरकी कशी घ्यायची तेवढंच नव्हतं. मास्साब महिनाभर त्या दोन चित्रांच्या मध्ये अडकून पडले. मग एकदा नानाखेड्याकडे गेले असताना त्यांना ज्वारीच्या शेतात मचाणावरची एक म्हातारी गोफण फिरवताना दिसली. तेव्हा तिकडे वसाहती नव्हत्या, नजर पोचेल तिथवर ज्वारीच. म्हातारीचा हात पुढे निघून जायचा, दगड मागे रेंगाळायचा आणि मग एकदम सुटायचा. मास्साब चार दिवस त्या बांधावर बसून राहिले. म्हातारीला वाटलं, हा कणसं चोरायला आला आहे. पाचव्या दिवशी तिने एक दगड त्यांच्या दिशेनेही सोडला. "कमरेच्या मागून खांदा, खांद्याच्या मागून हात, हाताच्या मागून थाळी," हे सूत्र त्या म्हाताऱ्या बाईचं. मास्साबही तसं प्रामाणिकपणे सांगत.

शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर संस्थानी काळात पांढऱ्या तेलरंगात लिहिलं होतं : 'य. ना. पागनीस, थाळीफेक, एकशे सव्वीस फूट.' पुढे संस्थान गेलं, मध्यभारत नावाचं राज्य आलं, शाळेवरची पाटी बदलली. "बोर्ड बदलला," मास्साब म्हणाले, "मैदानातले गोखरूचे काटे तेच आहेत." भिंतीवरची ती ओळ मात्र तशीच होती. तिच्याखालून जाताना मास्साब कधी वर बघत नसत, पण त्यांची चाल तेवढ्यापुरती ताठ होई. मला हे दिसायचं आणि आवडायचं.

रुकमा ही नंदराम लोहाराची मुलगी. विशीची. सातवी पास झाली आणि मग भात्यावर बसली. एकदा ती नवं कडं चढवलेली थाळी द्यायला मैदानावर आली. मैदानभर काटे, पायात चपला नाहीत, तिने कडेलाच थांबून आवाज दिला, "मास्साब, झेलजो!" आणि थाळी फेकली. उभ्या उभ्या, गिरकी न घेता. ती मास्साबांच्या डोक्यावरून, माझ्या दगडावरून, कुंपणापलीकडे गेली. मी खाली वाकलो होतो. मास्साब वाकले नव्हते. ते तिच्या पायांकडे बघत होते.

त्याच संध्याकाळी ते मला घेऊन नंदरामकडे गेले. शेजारच्या मुलींच्या शाळेत ड्रिलबाईंची जागा दोन वर्षं रिकामी होती. त्यासाठी सरकारी व्यायामवर्गात वर्षभर शिकावं लागे. त्या वर्गात मॅट्रिक झालेल्या मुलींना प्रवेश होता. मॅट्रिक नसेल तर एकच दार : राज्याच्या संघात निवड. मास्साबांनी हे सगळं नंदरामला समजावलं. नंदराम भला माणूस. त्याने ऐरणीवरचं काम थांबवलं, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "एक बरस दियो, मास्साब. नी हुओ तो फिर इको ब्याह." एक वर्ष दिलं, नाही जमलं तर हिचं लग्न.

 दुसऱ्या दिवशी पहाटे मास्साब मैदानावर पोचले तेव्हा रुकमाने एका कोपऱ्यातले गोखरू उपटून काढले होते.

वर्षभर तिने जे कष्ट घेतले ते मी दगडावर बसून पाहिले. हातात ताकद भरपूर, घाई त्याहून भरपूर. गिरकी संपायच्या आधीच खांदा पुढे पळायचा. "घाई खांद्याची, शिक्षा थाळीला!" मास्साब ओरडत. आणि लगेच, "आराम से, पण लवकर!" हे दोन्ही एकाच वेळी कसं करायचं, हे तिनेही कधी विचारलं नाही. वारा समोरून असेल तर थाळीचं नाक खाली ठेवायचं, मागून असेल तर जरा वर, हे ती आठवड्याभरात शिकली. थाळी मात्र तिला गरीबच मिळे. अडियल मागितली की मास्साब म्हणत, "अजून नाही. तुझं मनगट अजून भाता चालवून राहिलं आहे." तरीही तिची थाळी नव्वद फुटांपलीकडे पडू लागली. मास्साब मनातून फुलले होते.

मग छप्पन साल उजाडलं. राज्यांची पुनर्रचना होणार, मध्यभारत मोडून मोठ्या मध्यप्रदेशात जाणार, हे पक्कं झालं. आमच्या शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषयच नव्हता. कोण जबलपूरला जाणार, कोण रायपूरला. त्यातच पत्र आलं की मध्यभारताची शेवटची निवड ऑक्टोबरात इंदूरला होईल. पुढच्या वर्षी नियम काय राहतील, मॅट्रिक नसलेल्यांची ती सवलत राहील की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे रुकमाला एकच संधी होती.

पत्रात शेवटी लिहिलं होतं की ज्याने त्याने आपली थाळी आणावी, मैदानावर वजन करून मगच वापरू देऊ. मास्साब निर्धास्त होते. त्यांच्या सगळ्या थाळ्यांचं वजन घरच्या शेराने केलेलं. तो पितळी शेर पागेतला, वाडवडिलांनी घोड्यांचा हरभरा ज्याने मोजला तोच. देवघरात असायचा, दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. पुस्तिकेतल्या पौंड-औंसांचा त्यांनी एकदा शेर-तोळ्यांत हिशेब केला, तो त्या शेरावर तोलून घेतला, आणि विषय संपला.

मी पडलो गणिताचा माणूस. आमच्या प्रयोगशाळेत नवा तराजू आणि पौंडांची नवी वजनं आली होती. सहज चाळा म्हणून मी रुकमाची थाळी त्यात ठेवली. पारडं वर गेलं. पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. मोजून काढलं, तर नियमापेक्षा जवळजवळ नऊ तोळे कमी.

पागेचा शेर जुन्या संस्थानी मापाचा होता. सगळ्या देशात चालणारा शेर त्याहून भारी. मास्साबांच्या सातही थाळ्या हलक्या, म्हणून रुकमाचे नव्वद फूट हलके, आणि म्हणून भिंतीवरचे एकशे सव्वीस फूटसुद्धा. एक अख्खा दिवस मी ही गोष्ट पोटात घेऊन हिंडलो. कुणाच्या देवघरातली वस्तू खोटी आहे असं सांगायला जीभ रेटत नव्हती. पण निवडीला तेवीस दिवस उरले होते आणि इंदूरच्या तराजूला माझ्यासारखी भीड पडणार नव्हती. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं.

मास्साबांनी ऐकून घेतलं. घरी जाऊन शेर घेऊन आले. आपल्या हाताने तो तराजूत ठेवला, दुसऱ्या पारड्यात नवी वजनं ठेवली आणि बराच वेळ काट्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आता रागावतील, नाहीतर रडतील. ते म्हणाले, "म्हणजे सातारकर, आमच्या आजोबा-पणजोबांनी घोड्यांना पण कमीच हरभरा घातला!" आणि हसले. हसता हसता खुर्चीवर बसले, आणि मग त्यांना लवकर उठता आलं नाही. मी पाणी आणून दिलं.

त्याच दुपारी ते विटेचा तुकडा घेऊन व्हरांड्यात स्टुलावर चढले. भिंतीवरची ओळ खरवडू लागले. हेडमास्तर धावत आले. "अहो, राहू द्या हो! कोणाला माहीत आहे?"

"मला माहीत आहे ना," मास्साब म्हणाले. "आणि उद्या त्या पोरीला भारी थाळी देईन, ती म्हणेल जमत नाही. तेव्हा ही भिंत मागे ठेवून मी तिला काय सांगू?"

त्या क्षणी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा स्वतःच्या बापाचाही कधी वाटला नव्हता. बाप आता नाहीत, त्यामुळे हे लिहायला हरकत नाही.

नंदरामने दोन दिवसांत दोन नव्या थाळ्या केल्या, माझ्या तराजूवर तोलून : एक गरीब, एक अडियल. रुकमाने गरीब थाळी फेकली. ऐंशी फूटही गेली नाही. पुन्हा फेकली, तेवढीच. ती थाळीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हारा से नी होय, मास्साब." जमत नाही, हे वर्षभरात तिच्या तोंडून पहिल्यांदाच आलं.

मास्साब तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसले. "चूक तुझी नाही, माझी आहे," त्यांनी हिंदीत सांगितलं. "थाळी हलकी होती, म्हणून हाताची घाई खपून गेली. माझी पण खपली. आता नाही खपणार. आता आपण दोघं नव्याने शिकू."

आणि खरंच दोघं शिकले. त्रेपन्न वर्षांचे मास्साब तिच्याशेजारी उभे राहून रिकाम्या हाताने गिरक्या घ्यायचे. आठ दिवस थाळीला हात नाही. आधी टाच वळायची, मग कंबर, खांदा शेवटपर्यंत मागे. मास्साबांचा स्वतःचा खांदाही पळायचा, तेव्हा ते स्वतःवरच ओरडायचे. नवव्या दिवशी रुकमाच्या हातात थाळी आली. इंचाइंचाने अंतर वाढू लागलं. मी फीत घेऊन मोजायचो आणि आकडा ओरडून सांगायचो.

इंदूरला आम्ही देवास गेटवरून बसने गेलो : मास्साब, नंदराम, रुकमा आणि मी. मैदानावर सहा मुली होत्या, निवडायच्या दोन. प्रत्येकीला तीन फेकी. आमच्या दोन्ही थाळ्या तिथल्या तराजूवर अगदी बरोबर उतरल्या, तेव्हा नंदरामने मूठभर मिश्या उगीचच पिळल्या. वारा समोरून होता आणि मध्येच झपाटे मारत होता.

पहिल्या फेकीत रुकमाचा पाय वर्तुळाबाहेर गेला. बाद. दुसरीत पाय नीट, कंबर नीट, खांदा मागे, सगळं मास्साबांच्या मनासारखं. पण थाळी वाऱ्यात लडखडली आणि अलीकडेच आपटली. ती चौथ्या नंबरावर होती. मास्साब पुटपुटले, "पाय तर बरोबर होते. एकदम बरोबर होते." 

रुकमा आमच्याकडे आली. तिने ती थाळी थैलीत ठेवली. "मास्साब, म्हने अडियल दो," ती म्हणाली.

"मनगट तुझं..."

"मनगट आप देखो कां हो? आप तो पाँव देखो." मनगट तुम्ही बघताच कुठे, तुम्ही तर पायच बघता.

 इतक्या वर्षांत मास्साबांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी तिचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, मनगट अंगठ्याने दाबून पाहिलं. मग थैलीतून अडियल काढून तिच्या तळहातावर ठेवली.

तिसरी फेक मी सांगू शकत नाही, कारण मी डोळे मिटले होते. नंदरामने माझ्या खांद्यावर लोहाराचा हात मारला तेव्हा उघडले. फीत धरलेला माणूस दोनदा वाकून बघत होता. रुकमा दुसरी आली होती, तिसरीपेक्षा चार बोटं पुढे.  मैदानाच्या कडेला जाऊन मास्साबांनी उपरण्यात तोंड घातलं आणि मनसोक्त रडून घेतलं. रुकमा त्यांच्याजवळ उभी राहून लोकांना सांगत होती, "धूल गई है आँख में."

पुढच्याच महिन्यात मध्यभारत संपलं. ज्या राज्याच्या यादीत तिचं नाव होतं ते राज्यच राहिलं नाही. दोन महिने काही पत्र नाही. नंदराम रोज शाळेच्या फाटकाशी येऊन नुसता उभा राही आणि परत जाई. लग्नाचं त्याने एकदाही काढलं नाही. जानेवारीत पत्र आलं. जुन्या छापील कागदावरचं 'मध्यभारत' शाईने खोडून वर हाताने 'मध्यप्रदेश' लिहिलं होतं, आणि खाली रुकमाबाई नंदराम यांना व्यायामवर्गात प्रवेश दिल्याचं कळवलं होतं.

माझी बदली अठ्ठावन्नच्या जुलैत जबलपूरला झाली. तोवर मास्साब निवृत्त झाले होते. जायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी निरोप घ्यायला गेलो, तर वहिनी म्हणाल्या, "ते कशाला घरी भेटतात! जा, मुलींच्या शाळेत असतील."

मुलींच्या शाळेच्या कुंपणाशी मी थांबलो. मैदानावर पंधरा-वीस मुली एका रांगेत उभ्या होत्या. समोर पांढरं पातळ खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून रुकमाबाई उभी होती. एकेक मुलगी पुढे येऊन फेकत होती आणि ती दोन शब्दांत चूक सांगत होती. रांगेच्या अगदी शेवटी, दोन वेण्यांच्या एका चिमुरडीच्या मागे, डोक्याला उपरणं गुंडाळून मास्साब आपल्या पाळीची वाट बघत उभे होते.

त्यांची पाळी आली. वर्तुळात जाऊन त्यांनी गिरकी घेतली आणि थाळी सोडली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. रुकमाबाईने वाजवल्या नाहीत.

"खांदा पहले भाग गयो, मास्साब," ती म्हणाली. "फिर से."

"जी, बाई," मास्साब म्हणाले, आणि थाळी आणायला धावत सुटले.